आम्ही सगुणाचे

नानांच्या डोक्यावर फेटा बांधून झाला होता. तुरा तेवढा उभा करायचा राहिला होता. तेवढ्यात पांढऱ्या जाकिटातला एक माणूस घाईघाईने आला आणि फेटेवाल्याला म्हणाला, "यांचा उतरव."

फेटेवाला गोंधळला. त्याला वाटलं आपलंच काही चुकलं. "साहेब, घट्ट झाला का?"

"घट्ट-सैल नाही. उतरव. हे आपल्यातले नाहीत. हे सगुणाचे."

फेटेवाल्याने उतरवला. ओरबाडून नाही. एकेक पीळ सोडवत, सावकाश. माझे वडील सत्तरीच्या पुढचे. ते गुडघ्यांवर हात ठेवून प्लास्टिकच्या खुर्चीत तसेच बसून राहिले. मागे रांग होती. रांगेतले सगळे बघत होते. काहींनी मोबाईलमध्ये डोकं घातल्याचं नाटक केलं. कापड पूर्ण सुटल्यावर फेटेवाल्याने ते झटकलं आणि नानांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर बांधायला घेतलं. तेच कापड.

हे झालं गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर. लग्नाच्या तिथी नसल्या की नाशिकमधल्या लॉन्सवर असले कार्यक्रम होतात. आमच्या आडनावाच्या लोकांचं कुलसंमेलन होतं. आडनाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की तुम्ही लगेच जात, गाव, सोयरीक जुळवायला बसाल, आणि मला नेमकं तेच नकोय. एवढंच सांगते की देवळ्याच्या पुढे गिरणेच्या काठी एक गाव आहे, तिथलं हे जुनं वतनदार घर. वतन गेलं, जमिनी वाटल्या गेल्या, माणसं नाशकात येऊन बिल्डर झाली, डॉक्टर झाली, पुढारी झाली. तोरा तसाच राहिला.

आडनाव तेच, गाव तेच, म्हणून कोणीतरी माझा नंबर त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घातला होता. रोज सकाळी कुलदैवताचा फोटो यायचा. मी उघडायचेही नाही. नाना मात्र माझा फोन मागून घ्यायचे आणि एकेक मेसेज वाचायचे. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. रिटायर झाल्यावर त्याला एकदम आपलं कूळ सापडलं. संमेलनाचं निमंत्रण आलं तेव्हा त्यांनी पांढरा शर्ट आदल्या दिवशीच इस्त्रीला टाकला.

मांडवाच्या तोंडाशी भलामोठा फ्लेक्स होता. वडाचं झाड आणि पानापानावर नावं. मधल्या जाड फांदीवर थोरल्यांचा फोटो, पगडी, मिशा, हातात काठी. या घराचा नावाजलेला कर्ता पुरुष. सगळे त्यांना नुसतं 'थोरले' म्हणतात. फोटोला खरा हार घातला होता. नाना चष्मा पुसून फांदीफांदीवर बोट फिरवत आबांचं नाव शोधत होते. आबा म्हणजे त्यांचे वडील, रामा. सापडलं नाही.

"छापताना राहिलं असेल," नाना म्हणाले. "आपण सांगू त्यांना." आणि ते फेट्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

फेटा उतरल्यावर अध्यक्ष आले. भाऊसाहेब. थोरल्यांचे सख्खे नातू, नाशकातलं मोठं प्रस्थ. आवाज असा मऊ की ऐकणाऱ्यालाच वाटावं, आपण उगाच रागावलो. त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, वाईट वाटून घेऊ नका. तुमचे पूर्वज आमच्याकडे कामाला होते. मालकाचं आडनाव लावायची पद्धत होती तेव्हा. तुमचा दोष नाही. पण जेवून जा हं. जेवण सगळ्यांसाठी आहे."

नाना जेवले. विस्कटलेल्या केसांनी, खाली मान घालून, बासुंदी-पुरी जेवले. मी त्यांच्या मागे उभी होते. मी कोण, तर दिवसभर ओरडणारी बाई. सिडकोत माझा ड्रायव्हिंग क्लास आहे, फक्त बायकांसाठी. क्लच सोडा, ब्रेक दाबा, समोर बघा, नवऱ्याला घाबरता तेवढं रिक्षाला घाबरू नका, हे मी सकाळपासून ओरडत असते. त्या दिवशी माझ्या तोंडातून एक अक्षर निघालं नाही. राग आला होता. पण राग फेटा उतरवणाऱ्यांचा जास्त होता की बासुंदी खाणाऱ्या माझ्या बापाचा, हे मला आजही सांगता येत नाही.

परत येताना क्लासचीच गाडी होती. या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. नाना त्या सीटवर बसले होते. कॉलेज रोडच्या सिग्नलपुढे गेल्यावर मी विचारलं, "नाना, सगुणा कोण?"

त्यांनी ब्रेक दाबला. भर रस्त्यात गाडी गचकन थांबली. मागच्यांनी हॉर्न सुरू केले, एकाने काच खाली करून शिवी घातली. नानांनी पाय उचलला नाही.

"माझी आजी," ते म्हणाले. "आबांची आई. चल आता."

"आणि आबांचे वडील?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"माहीत नाही म्हणजे माहीत नाही! विचारायचं नसतं ते. आम्ही कधी विचारलं नाही."

बाप माहीत नसलेल्या बापाचा मुलगा. आणि हा माणूस फेट्याच्या रांगेत उभा राहिला होता. त्या दिवशी मी ठरवलं, शोधून काढायचं. आज प्रामाणिकपणे सांगायचं तर तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं. आबा त्याच घराचा आहे हे सिद्ध करायचं, भाऊसाहेबांच्या तोंडावर मारायचं आणि तोच फेटा नानांच्या डोक्यावर पुन्हा बांधून घ्यायचा.

नानांकडून माहिती काढणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. तरी थोडं थोडं निघालं. सगुणा पंचवटीत एका धर्मशाळेत भांडी घासायची. बाहेरगावचे लोक आपल्या मेलेल्यांचे विधी करायला तिथे उतरायचे, त्यांची भांडी. आबा तिथेच वाढले. रामकुंड हाकेच्या अंतरावर, पण आबा आयुष्यात कधी तिथे अंघोळीला गेले नाहीत. शाळेत घालताना मास्तरांनी आडनाव विचारलं, तेव्हा सगुणाने त्या वतनदार घराचं आडनाव सांगितलं. मास्तरांनी लिहून घेतलं. हे आबांनी स्वतः नानांना सांगितलेलं. त्यापलीकडे आबा कधी बोलले नाहीत.

आणि एक गोष्ट नानांनी सांगितली, ती सांगताना त्यांच्या आवाजात जुना राग होता. सगुणा वारली तेव्हा नाना शाळेत जात होते. दहाव्याला आबांनी डोकं भादरायला नकार दिला. एकुलता एक मुलगा, आई गेलेली, न्हावी येऊन बसलेला. आबा म्हणाले, "माझ्या डोक्याला हात लावायचा नाही." गल्लीतले लोक जमले, समजावलं, शिव्या दिल्या. आबा हलले नाहीत. आईला पोटच्या मुलाचे केससुद्धा मिळाले नाहीत, असं लोक पुढे कित्येक वर्षं बोलत राहिले. नानाही तेच बोलायचे.

"आबा तसा हट्टीच," ते म्हणाले. "देव नाही, धर्म नाही. स्वतःच्या आईसाठीसुद्धा नाही."

मला ते पटलं नाही. आबांना मी पाहिलंय. आईचं नाव काढलं की डोळे भरून येणारा म्हातारा होता तो. असा माणूस केसांसाठी अडून का बसेल?

मी गावाला गेले. एकटी, गाडी काढून. नानांना खोटंच सांगितलं की सटाण्याला कोणाला तरी शिकवायला चाललेय. गावात मोठ्या घराच्या लोकांना विचारण्यात अर्थ नव्हता. ज्याला त्याला आपला मोठेपणा सांगायचा होता. मी विचार केला, डोकी ज्याने भादरली त्याच्या घरी जावं. गावात न्हाव्याचं घर एकच. पूर्वीच्या ओसरीवर आता सलून झालं होतं, आरसे, फिरत्या खुर्च्या, हिंदी गाणी. बाजूला खाटेवर भिका बाबा बसले होते. ऐंशीच्या पुढचे. डोळे गेलेले, कान शाबूत.

त्यांनी चाहूल घेतली आणि अहिराणीत विचारलं, "तू कोनी पोर शे, माय?"

कोणाची मुलगी तू? मी नानांचं नाव सांगितलं. त्यांना ओळख पटेना. आबांचं सांगितलं, रामा, नाशिकला होते. तरी पटेना. मग माझ्या तोंडून निघालं, "सगुणाची."

म्हातारा सरळ बसला. हात पुढे करून त्याने माझं मनगट धरलं.

"सगुणाची? बस. बस माय इथं." मनगट न सोडता त्यांनी मला खाली बसवलं. मग म्हणाले, "माझ्या बापानं भादरलं त्याचं डोकं. मरेपर्यंत तेच सांगायचा. म्हणायचा, भिका, लय डोकी भादरली, पन ते एक भादरायला नको होतं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. थोरले वारले. दहाव्याला सगळी भावकी गिरणेवर गेली. थोरल्यांच्या दोन्ही मुलांनी डोकी भादरली, पिंड ठेवले. कावळा शिवेना. झाडावर कावळे होते, पण एक खाली उतरेना. मुलांनी हात जोडले. आईला सांभाळू म्हणाले. देऊळ बांधू म्हणाले. भावाभावात भांडणार नाही म्हणाले. ऊन डोक्यावर आलं, माणसं भुकेने कळवळली. नदीवर बायका नव्हत्या, तेव्हा कोणीतरी घरी थोरल्यांच्या बायकोला विचारायला गेलं, की मालकांची काही इच्छा राहिली होती का.

"थोरलीनं निरोप धाडला," भिका बाबा म्हणाले. "एवढाच. 'त्याला न्या.' नाव बी नाय घेतलं. पन समद्यांना कळलं कोनाला."

"कोणाला?"

"रामाला. दुसरं कोन? गोठ्यात शेण भरत होतं पोरगं. तसंच उचललं आन नदीवर आनलं. माझ्या बापाला म्हनले, भादर याचं. पोरगं लय रडलं. त्याला वाटलं मारायलाच आनलं. चौघांनी धरलं. धरल्यावर हालतंच ना माय. एका जागी कापलं. रगत आलं. मंग त्याला पिंडापुढं उभं केलं, म्हनले हात जोड. जोडले त्यानं."

"मग?"

"मंग कावळा शिवला."

सलूनमध्ये गाणं चालू होतं. भिका बाबा सांगत राहिले. कावळा शिवला तसं सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, अंघोळी केल्या आणि लगबगीने जेवायला घरी गेले. रामाला कोणीतरी म्हणालं, जा, गुरं सोड. तेराव्याच्या गोडाच्या जेवणाला त्याला बोलावलं नाही. गोठ्यात ताट पाठवलं.

आता कावळ्याचं मला कोणी सांगू नये. कावळ्याला भूक लागते तेव्हा तो उतरतो, माणसांची गर्दी असली की उतरत नाही. उन्हं चढली, माणसं थकून बाजूला सावलीला बसली असतील, तेव्हा तो आला असेल. कावळा कोणाच्या बापाची साक्ष देत नाही. पण त्या माणसांनी दिली. थोरल्यांच्या बायकोने दिली, चुलत्यांनी दिली, धरणाऱ्या चौघांनी दिली. ज्या मुलाला घराच्या उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, त्याला त्यांनी सगळ्या गावादेखत मुलाच्या जागी उभं केलं. त्यांच्याच कायद्याने, त्यांच्याच देवापुढे, त्यांच्याच नदीवर. मेलेल्याला तो मुलगा चालला. जेवणाच्या पंगतीला चालला नाही.

आणि तेव्हा मला आबा कळले. आईच्या दहाव्याला ते डोकं का देत नव्हते ते कळलं. ज्याने त्यांना कधी मुलगा म्हटलं नाही त्याच्यासाठी त्यांचं डोकं जबरदस्तीने घेतलं गेलं होतं. ते रक्ताळलेलं भादरणं त्यांना आईच्या नावावर लागू द्यायचं नव्हतं. माझा नाना आयुष्यभर त्यांना हट्टी म्हणत राहिला. मी त्या खाटेशेजारी बसून रडले. दुःखाने नाही. संतापाने. हातात काही नव्हतं म्हणून नाहीतर तिथलं काहीतरी मी फोडलं असतं.

"सगुणा या घरात आली कशी?" मी विचारलं.

"थोरलीच्या लग्नात. आंदणात," भिका बाबा म्हणाले. "मोठी घरं द्यायची तवा. लेकीसंगं भांडी द्यायची, गाय द्यायची, आन कामाला एक पोरगी द्यायची. ती ही. तिची जात काय, माय कोन, कोनी इचारलं नाय."

"आबांचं डोकं भादरल्यावर ती काय म्हणाली?"

भिका बाबा हसले. दात नव्हते, पण हसणं भरगच्च होतं. "ती कुठं गप बसनारी! गेली ना थेट थोरलीपुढं. समद्या बायका बसल्या होत्या भेटायला आलेल्या. त्याच्यात म्हनली, 'डोकं घेतलं तर नाव बी द्या.' माझी आजी होती तिथं, तिनं ऐकलं. थोरली म्हनली, 'नाव मागतीस? तू तर आंदनातली.' झालं. सगुणानं पोराला धरलं आन निघाली. अंगावरच्या लुगड्यानिशी. परत या गावात पाऊल नाय टाकलं."

परतीच्या वाटेवर मला गाडी दोनदा बाजूला घ्यावी लागली. डोळ्यांपुढे पंचवटीतली ती शाळा होती. मास्तर आडनाव विचारतायत आणि सगुणा सांगतेय. भाऊसाहेब म्हणाले होते, मालकाचं आडनाव लावायची पद्धत होती. पद्धत कसली? त्यांनी नाव दिलं नाही, तेव्हा तिने ते हिसकावून घेतलं. भांडी घासणाऱ्या बाईने, कोणाची परवानगी न घेता. माझ्या क्लासच्या पाटीवर जे आडनाव आहे ते तिने हिसकावलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी भाऊसाहेबांच्या बंगल्यावर गेले. सगळं सांगितलं. नदी, भादरणं, कावळा, थोरलीचा निरोप. मला वाटलं होतं माणूस हादरेल, निदान खोटं म्हणेल. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, शांतपणे.

"ताई, हे आम्हाला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला? घरात सगळ्यांना माहीत आहे. लहानपणापासून ऐकलंय. पण माहीत असणं वेगळं आणि छापणं वेगळं."

"मग त्या दिवशी नोकर म्हणालात ते?"

"चारचौघांत दुसरं काय म्हणणार? तुमच्याच अब्रूसाठी म्हणालो. आणि जुन्या काळी मोठ्या घरांत असायचंच हे. तुमच्या पणजीचीही मर्जी असणार. एका हाताने काही होत नाही."

मर्जी.

हा शब्द त्यांनी इतक्या सहज वापरला की मला क्षणभर कळलंच नाही काय बोलले ते. गाय दिली होती. भांडी दिली होती. सगुणा दिली होती. गाईची मर्जी विचारली होती का त्यांनी? मी त्यांना तेच विचारलं, आवाज चढवूनच विचारलं, आतून त्यांची सून डोकावली. भाऊसाहेबांनी हात वर केला, चिडलेल्या गिऱ्हाइकाला थोपवावं तसा.

"मार्ग काढू आपण. कुलवृत्तांत छापायला जायचाय. त्यात रामाचं नाव घालतो. थोरल्यांचा दत्तक मुलगा म्हणून. काकांना सन्मानाने फेटा बांधू, फोटोसुद्धा येईल. तुम्हाला हेच हवंय ना?"

हो. मला हेच हवं होतं. संमेलनापासून मी त्यासाठीच धावत होते. आणि ते मिळत असताना मला शिसारी आली. दत्तक म्हटलं की आई लागत नाही. दत्तक म्हटलं की सगुणा पुसली जाते. गोठा पुसला जातो, नदी पुसली जाते, उरतात थोर मनाचे थोरले, ज्यांनी म्हणे एका अनाथ पोराला पदरात घेतलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, इतके दिवस मीही बाईला सोडून बाप शोधत होते. सगुणाबद्दल मी विचारलं ते आबांचा बाप कळल्यावर, जाता जाता. मी त्यांच्या पंगतीत पाट मागत फिरत होते.

"विचार करून सांगते," एवढंच बोलून मी उठले. कारण नाव नानांच्या बापाचं होतं.

नानांना सगळं सांगितलं. आबांच्या डोक्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, आता हा माणूस पेटून उठेल. पण ते म्हणाले, "लिहू दे दत्तक. काय बिघडतं?"

"नाना, सगुणाचं काय?"

"तिचं काय व्हायचंय आता! मेली ती. मी जिवंत आहे. मला एकदा त्या लोकांत ताठ मानेने बसायचंय. तू नको आड येऊस." त्यांचा आवाज चिरकला. "तुला काय माहीत? कारखान्यात गावाकडचे लोक होते. जेवायच्या सुट्टीत विचारायचे, कोणत्या शाखेचे तुम्ही? मी आयुष्यभर काहीतरी थापा मारल्या."

नानांची कीव आली आणि रागही आला. हाच तर त्या मोठ्या घराचा डाव. आधी माणसाला इतकं खाली बसवायचं की त्याला त्यांच्याच हातचा फेटा स्वर्ग वाटावा.

मी कळवलं नाही तरी नानांनी परस्पर फोन करून होकार दिला. रविवारी सकाळी भाऊसाहेब सिडकोतल्या आमच्या घरी आले. बरोबर पांढऱ्या जाकिटाचा तोच माणूस, एक फोटोग्राफर, तबकात नारळ आणि नवाकोरा फेटा. नाना इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. लॉन्सवर बसले होते तसेच, गुडघ्यांवर हात.

जाकिटवाल्याने फेट्याची घडी सोडली. मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"आधी एक वाक्य म्हणा," मी भाऊसाहेबांना म्हणाले.

"काय वाक्य?"

"'आमच्या घराने सगुणाला आंदणात आणलं होतं. रामा तिचा आणि थोरल्यांचा मुलगा होता.' इथे म्हणा. मग हेच तुमच्या पुस्तकात छापा. मग बांधा फेटा."

"ताई, सणासुदीसारखं वातावरण आहे, कशाला..."

"म्हणा."

"तुम्ही बाहेर व्हा," जाकिटवाला म्हणाला. "पुरुषमाणसांत बोलू द्या."

"हे माझं घर आहे," मी म्हणाले. "भाड्याचं नाही, आंदणात आलेलं नाही. बाहेर तू होशील."

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. नाना म्हणाले, "अगं, बस कर." मी त्यांच्याकडे वळले. "नाना, चौघांनी धरून आबांचं डोकं घेतलं होतं. तुम्ही तर आपणहून देताय."

हे लागायला नको होतं तिथे लागलं. माझ्या बापाचं तोंड पांढरं पडलं. पण मी ते मागे घेतलं नाही आणि घेणारही नाही. भाऊसाहेब बराच वेळ उभे होते. वाक्य दोन ओळींचं. माईकवर तासतासभर बोलणारा माणूस. त्यांचे ओठ हलले नाहीत. शेवटी म्हणाले, "तुम्हाला नक्की काय पाहिजे? जमीन?"

शंभर वर्षांत या घराला एवढंच कळलं. माणूस काही मागतो म्हणजे जमीनच मागतो. मी दार पूर्ण उघडलं आणि तबक उचलून त्यांच्या हातात दिलं. ते गेले. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

नाना माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं तर जेवतात. मी दिसले की टीव्हीचा आवाज वाढवतात. नातेवाइकांना सांगतात, पोरीने घरी चालून आलेला मान लाथाडला. सांगू देत. मला वाईट वाटतं, पण पस्तावा नाही. एक दिवस त्यांना कळेल, किंवा कळणार नाही. त्यासाठी मी थांबून राहणार नाही.

कुलवृत्तांत छापून होतोय. प्रकाशन कुठे, कधी, ते मला कळेलच, ग्रुपवरून त्यांनी मला काढलं असलं तरी. मी जाणार आहे. निमंत्रण नसताना जाणार आहे. थोरल्यांच्या फोटोला हार घालतील तेव्हा मी उभी राहून सगळ्यांसमोर सांगणार आहे, की या माणसाच्या घरात एक बाई वस्तू म्हणून आली. तिच्यापासून झालेल्या मुलाला याने कधी हाक मारली नाही. हा मेल्यावर त्या मुलाला रक्त येईपर्यंत भादरलं आणि पुन्हा शेण भरायला पाठवलं. मला धक्के मारून बाहेर काढतील. मग मी गावात जाऊन सांगेन, गिरणेच्या काठावर सांगेन. भिका बाबा आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून सांगेन.

आबांचा बाप कोण, हा प्रश्न माझ्यापुरता संपला. तो कोण ते मला कळलंय आणि त्याला मी पणजोबा म्हणणार नाही. आमचं घर सगुणापासून सुरू होतं. तिच्या शेजारी पुरुष उभा केल्याशिवाय ते अडत नाही. पण म्हणून तो सुटला असं कोणी समजू नये. नात्यातून मी त्याला काढून टाकलंय. गुन्ह्यातून काढणार नाही.